हसरु

खडेबाजारात खडे कमी, लुगडी फार.
आमचं दुकान बोळात, साडेचार हात रुंद,
उत्तरेला एक झरोका.
बाबा म्हणायचे, खडा तिथंच धर.
दुपारचं ऊन सगळ्यांचीच स्तुती करतं,
खरं बोलते ती उत्तर.

संकेश्वरहून पहिल्या बसनं आलेली चन्नव्वा हुद्दार
पदराची गाठ दातांनी सोडते.
आत विडीच्या बंडलाचा कागद, कागदात कापूस,
कापसात मुगाएवढा हिरवा.
"मालक बोटीवर होते, मोंबासाला.
येताना आणलेला. पाचू म्हणाले.
पोरगा म्हणतोय काच.
काय हाय तेवढं सांग, विकायचं नाही."

तराजूत ठेवला, आणि पारडं
माझ्या अंदाजाच्या आधी खाली गेलं.
एवढ्याशा पाचूला एवढं वजन नसतं.

भिंग लावलं.
पाचूच्या पोटात बहुधा काहीतरी असतं,
शेवाळ, तडा,
तेल पाजून झाकलेली जुनी दुखापत.
याच्या पोटात नुसता उजेड.
आत गेलेला, पैलूंवर आपटत फिरून
गेला त्याहून चपळ होऊन परतलेला.
कडेला केसाएवढी एक सुई, बस्स.
ना भाजलेला, ना तेल प्यालेला.
जमिनीनं जसा सोडला तसा.

आणि हिरवा कसला?
पोपटाचा नाही, बांगडीचा नाही.
खानापूरच्या रस्त्याला सागाचं कोवळं पान
सूर्याच्या आड धरावं,
दोन शिरांच्या मधे जो थांबतो, तो.
किंवा निपाणीच्या शेतात तंबाखू
खुडायच्या आदल्या संध्याकाळी.

"पाचू नव्हे," मी म्हटलं.
ती कापूस गोळा करायला लागली.
"थांबा. काचही नव्हे. तामडा आहे."
"तामडा म्हंजे तांबडा न्हवं?"
"हो."
"मग हे?"

काय सांगायचं.
सगळं घराणं डाळिंबाच्या दाण्यांचं,
त्यात एक पोर असं निपजतं.
आडनाव सोडत नाही, रंगही सोडत नाही.
आमच्या बोळाच्या तोंडाशी पाटी आहे,
तिच्यावर गावाचं नाव
तीनदा पुसलंय, चारदा लिहिलंय.
गाव तिच्याखालून भाजी आणायला जातं.

चन्नव्वा बराच वेळ बोलली नाही.
बोळातून एक सायकल गेली, मग दुसरी.
"म्हंजे खोटं बोलले न्हवं ते?"
"त्यांनाही पाचूच वाटला असेल.
विकणाऱ्यालाही. चांगले चांगले फसतात."
"चुकले."
"चुकले. पण वाईट नाही चुकले."

तिनं खडा स्वतः उचलला,
झरोक्याकडं धरला, बाबा धरायचे तसा,
आणि आपल्याशीच म्हणाली, "हसरु."
कानडीत हिरवा.
मला मात्र दर वेळी तो शब्द
मराठीतच ऐकू येतो.

"अंगठी कर," ती म्हणाली.
"नातीला?"
"मला."
मग माझ्याकडं न बघता,
"हिरव्या बांगड्या फुटून तेवीस वर्षं झाली.
हिरवं घालू नको म्हणतात, नाही घातलं.
पण तामडा नको म्हणून कोण म्हटलं?
कुणी विचारलं तर मी नाव सांगीन,
रंग त्यांचा त्यांनी बघावा."

बोटाचं माप घेतलं.
सांध्याला सूज, म्हणून अर्धा सूत सैल.
कोंदण पाठीमागं उघडं ठेवलं,
खाली चांदीचा वर्ख नाही, काही नाही,
उजेडाला यायला-जायला वाट.

दाराशी वळून तिनं विचारलं,
"भांडी घासताना काढायची का?"
काढा, म्हणायला हवं होतं.
कठीण असतो, पण इतकाही नाही.
मी म्हटलं, राखेनं घासू नका,
बाकी राहू द्या.